तीन वर्षांचं लग्न आणि न झालेला शरीरसंबंध : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पुणे परिसरातल्या एका जोडप्याचं आहे. दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. गाव, नोकरी, नातेवाईक असे ओळख पटवणारे तपशील बदलले आहेत. नावं दिलेली नाहीत, फक्त ‘ती’ आणि ‘तो’. माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांत अशी जोडपी नवी नाहीत. हेच प्रकरण निवडलं, कारण यात जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी चांगल्या हेतूने चुकीचा सल्ला दिला आणि दोघांनी तो निमूट ऐकला.

पार्श्वभूमी

ती ३१ वर्षांची, सांगली जिल्ह्यातली, बी.फार्म. झालेली, एका औषध कंपनीत नोकरीला. तो ३४ वर्षांचा, सातारा जिल्ह्यातला, चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर. लग्न ठरवून झालेलं. स्थळ संकेतस्थळावरून आलं, पत्रिका जुळली, तीन-चार वेळा बाहेर भेटून दोघांनी होकार दिला. साखरपुडा आणि लग्न यांच्यामधल्या पाच महिन्यांत रोज रात्री फोन चालायचे. ते दिवस फार छान होते, असं दोघंही सांगतात.

पिंपरी-चिंचवडमध्ये वन बीएचके भाड्याने घेतलेला. सासरे हयात नाहीत. सासूबाई गावी थोरल्या मुलाकडे असतात आणि वर्षातून दोन-तीनदा इकडे येऊन महिनाभर राहतात. त्या हॉलमध्ये झोपतात. एरवी दोघं एकमेकांना नावाने हाक मारतात, अरे-तुरे करतात. सासूबाई आल्या की तिच्या तोंडी ‘अहो’ येतं.

भांडणारं जोडपं नव्हतं हे. स्वयंपाक वाटून, हिशोब एकत्र, सुट्टीला सिंहगड नाहीतर तिच्या मामाचं गाव. एकमेकांच्या कुशीत झोपायचे. फक्त लग्नाला तीन वर्षं होत आली तरी त्यांच्यात एकदाही लिंग-योनी संबंध झालेला नव्हता, आणि हे त्या दोघांखेरीज जगात कुणालाही माहीत नव्हतं.

अडचण

पहिल्या रात्री दोघंही थकलेले होते, म्हणून पुढे ढकललं. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री प्रयत्न केला तेव्हा तिला इतकं दुखलं की ती ओरडली. ‘आत वाटच नाही असं वाटायचं,’ हे त्याचे शब्द. पुढच्या महिन्यांत जेव्हा जेव्हा प्रयत्न झाला तेव्हा तिच्या मांड्या आपोआप जवळ यायच्या, पाठ कमानीसारखी वर उचलली जायची, घाम फुटायचा. हळूहळू त्याने विचारणं कमी केलं. दुसऱ्या वर्षाअखेर दोघांनीही तो विषय काढणं बंद केलं होतं.

गोष्ट उघड झाली ती मुलाच्या प्रश्नावरून. तिच्या चुलत बहिणीचं डोहाळजेवण झालं, तिथे दोन्हीकडच्या बायकांनी तिला घेरलं, आणि सासूबाईंनी तिला ‘एकदा दाखवून तरी या’ असं सांगितलं. नाही म्हणायला कारण देता येत नव्हतं, म्हणून दोघं वंध्यत्वाच्या दवाखान्यात गेले. फॉर्मवर ‘लग्नाला किती वर्षं’, ‘किती काळ प्रयत्न’ असे प्रश्न होते. त्यांनी तीन वर्षं असं लिहिलं. संबंध होतात का, हे कुणी विचारलं नाही. रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्याच्या वीर्याची तपासणी झाली, सगळं ठीक आलं.

मग योनीमार्गातून करायची सोनोग्राफी सांगितली गेली. प्रोब (आत घालायची दांडीसारखी नळी) पाहताच तिने पाय मिटून घेतले. तिथल्या बाईंनी आवाज चढवून विचारलं, ‘लग्न झालंय ना तुमचं?’ ती टेबलावरून उतरली, कपडे घातले आणि बाहेर येऊन रडली. त्या रात्री तिने नवऱ्याला पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं : मला हे जमत नाही, आणि का जमत नाही ते मला माहीत नाही.

तिला जे होत होतं त्याला व्हजायनिस्मस म्हणतात. डोळ्यासमोर बोट आणलं की पापणी मिटते, ती आपण ठरवून मिटत नाही. तसेच योनीमार्गाच्या सुरुवातीला असलेले स्नायू काही आत येणार या नुसत्या कल्पनेने घट्ट आवळले जातात. आवळलेल्या स्नायूंवर दाब आला की खरोखर दुखतं. एकदा दुखलं की पुढच्या वेळी शरीर आधीच सावध होतं, स्नायू आणखी लवकर आवळतात. असं हे चक्र. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या निदान-पुस्तिकेत वेदना, स्नायूंचं आवळणं आणि भीती या तिन्हींना एकाच निदानाखाली आणलं. प्रत्यक्षात बाईच्या शरीरात ते वेगळे काढता येत नाहीत, हे मला रोजच्या कामातून पटलेलं आहे.

इच्छा नसणं ही गोष्ट निराळी. तिला इच्छा होत होती, स्पर्श आवडत होता, उत्तेजना येत होती. फक्त प्रवेशाची वेळ आली की सगळं थांबायचं.

तोवर मिळालेले सल्ले

सोनोग्राफीच्या प्रसंगानंतर ती दुसऱ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी तपासायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा म्हणाल्या की भूल देऊन योनीपटल (योनीमुखाजवळचा पातळ पडदा) काढून टाकू, छोटंसं ऑपरेशन आहे. ही कल्पना फार जुनी आहे. मॅरियन सिम्स या अमेरिकन शल्यविशारदाने १८६०च्या दशकात व्हजायनिस्मस हे नाव रूढ केलं तेव्हा त्याचा उपाय हाच होता : पटल कापा, तोंड रुंद करा, मग काचेचा डायलेटर (वाट हळूहळू रुंद करायची गुळगुळीत दांडी) ठेवा. पटल खरोखर जाड किंवा बंद असेल तर शस्त्रक्रियेला अर्थ आहे. पण हिची पाळी तेराव्या वर्षापासून नियमित होती, रक्त बाहेर येत होतं, म्हणजे वाट बंद नव्हती. भुलेत सैल पडलेले स्नायू जाग आल्यावर पुन्हा आवळतातच. वर जखमेची नवी वेदना पदरी पडते.

तिच्या आईला तिने अर्धवट सांगितलं. आई म्हणाली, ‘सगळ्यांनाच दुखतं, थोडं सोसायचं असतं.’ त्याने कुणालाच सांगितलं नाही, पण रात्री मोबाइलवर शोधलं आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय ताठरतेच्या गोळ्या आणल्या. आपणच कमी पडतो की काय, ही शंका त्याला तेव्हापासून होती. ती आम्हाला फार उशिरा कळली.

तिसरा सल्ला तिच्या मामांकडून आला. मामा वकील. आईकडून त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी काळजीनेच समजावलं की हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जोडीदाराच्या (नवऱ्याच्या किंवा बायकोच्या) नपुंसकतेमुळे संबंध झाला नसेल तर लग्न रद्द करून मागता येतं, आणि मुलाकडच्यांनी हे पाऊल उचललं तर पोरीची वैद्यकीय तपासणी, बदनामी, सगळं होईल. त्याआधी आपणच परस्पर संमतीने मोकळं व्हावं. त्यांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. न्यायालयांनी या तरतुदीत मानसिक कारणांमुळे आलेली असमर्थताही धरलेली आहे, आणि वैवाहिक दाव्यात वैद्यकीय तपासणीचा आदेश देता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सांगितलेलं आहे. पण हा सल्ला ऐकून तिने एक गोष्ट मनाशी धरली : तो मला ठेवून घेतोय, हे त्याचे उपकार आहेत.

हे वाक्य ती माझ्यासमोर पहिल्याच भेटीत बोलली. या प्रकरणातली खरी गाठ तिथे होती.

समोर असलेले पर्याय

माझ्याकडे त्यांना पाठवलं ते तिसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी. या डॉक्टरांनी तपासणीचा हट्ट धरला नाही. खुर्चीत बसवून पाऊण तास बोलल्या आणि निदानाची शक्यता सांगितली. दोघं आले तेव्हा तीन वाटा त्यांच्या डोक्यात होत्या.

एक होती ऑपरेशनची. ती आम्ही लगेच बाजूला ठेवली, कारण वर दिलेलंच आहे.

दुसरी वाट संबंध बाजूला ठेवून आधी मूल होऊ देण्याची. दवाखान्याने आययूआय (नळीने वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार) सुचवलं होतं. काही जोडपी घरच्या घरी सिरिंज वापरूनही गर्भधारणा करून घेतात. यावर आम्ही सर्वांत जास्त बोललो, कारण हा पर्याय वेडगळ अजिबात नाही. तिचं वय ३७-३८ असतं, किंवा अंडाशयातला बीजांचा साठा कमी आला असता, तर मी स्वतः आधी मुलाचा विचार करा म्हटलं असतं. पण ती ३१ची होती आणि तपासण्या चांगल्या होत्या. तिला प्रोबसुद्धा सहन होत नव्हता, मग आययूआयची नळी, नंतरच्या तपासण्या, प्रसूतीच्या वेळी दर थोड्या वेळाने होणारी आतली तपासणी हे सगळं ती कसं झेलणार होती? आणखी एक प्रश्न मी दोघांना विचारला : मूल झाल्यावर तुम्ही या अडचणीकडे परत याल का? दोघंही गप्प राहिले. मग तो म्हणाला, ‘नाही. मग कुणी विचारणारच नाही ना.’

तिसरी वाट वेगळं होण्याची. ती तिच्या मनात होती, त्याच्या नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटाला वर्षभर वेगळं राहणं आणि पुढे सहा महिन्यांची थांबण्याची मुदत लागते. ही मुदत योग्य प्रकरणांत माफ करता येते, असं २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. मी तिला इतकंच विचारलं, की ही अडचण उद्या नसती तर तुला याच्याबरोबर राहायचं आहे का? ती लगेच हो म्हणाली. मग हा पर्याय आत्ता उचलायची घाई नको, असं ठरलं. वर्षभराने पुन्हा विचारायचं असंही ठरलं, कारण वाट कायमची बंद केली असती तर तो पुन्हा एक दबाव झाला असता.

पहिला निर्णय : प्रयत्न थांबवणं

उपचाराची पहिली अट मी सांगितली ती ऐकून दोघं गोंधळले. पुढले काही महिने प्रवेशाचा एकही प्रयत्न करायचा नाही. तिने स्वतःहून म्हटलं तरी नाही.

मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९७० साली मांडलेल्या उपचारपद्धतीत ही बंदी मुळाशी आहे. स्पर्शाचे टप्पे ठरवून द्यायचे, आधी जननेंद्रियं आणि स्तन वगळून, आणि त्या स्पर्शातून पुढे काही व्हायलाच हवं ही अपेक्षा काढून टाकायची. पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी ही गोष्ट आपल्याकडच्या जोडप्यांना नवीन वाटते. या जोडप्याच्या बाबतीत बंदीचा आणखी एक उपयोग होता. गेली दोन वर्षं प्रत्येक मिठीनंतर ती मनात हिशोब करत होती की आता हा पुढे जाईल का, नाही म्हणायला लागेल का. तो हिशोब बंद झाला. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली की त्याने पाठीवर हात ठेवला तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदाच अंग ताठ झालं नाही.

तो मात्र नाराज होता. त्याने ते दाखवलं नाही, इतकंच.

तपासणी आणि उपचार

वेदनेची दुसरी कारणं आधी वगळायला हवीत. जंतुसंसर्ग, योनीमार्गातला पडदा, किंवा योनीमुखाच्या त्वचेचीच वेदना, यांपैकी काही असेल तर उपचार बदलतात. तिसऱ्या डॉक्टरांनी तिला आधी सांगितलं की तपासणीची सूत्रं तुझ्या हातात, तू ‘थांबा’ म्हटलंस की मी थांबणार. एका भेटीत त्यांनी फक्त बाहेरून पाहिलं, तिच्याच हातात आरसा देऊन. पुढच्या भेटीत ओल्या कापसाच्या काडीने योनीमुखाभोवती हलकेच स्पर्श करून कुठे दुखतं ते पाहिलं. कुठेही तीव्र वेदना नव्हती. बोट न घालता इतकं कळलं आणि तेवढं पुरेसं होतं.

मग कारणांचा शोध. इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. व्हजायनिस्मस म्हटलं की लहानपणी अत्याचार झाला असणार, असं गृहीत धरणारे पुष्कळ आहेत. विचारायला हवं, आणि मी विचारलं. तिच्या बाबतीत तसं काही नव्हतं. होती ती लहान-लहान भीतींची साठवण. मोठ्या आतेबहिणीने लग्नानंतर सांगितलेली रक्ताची आणि दवाखान्यात न्यावं लागल्याची गोष्ट. पाळी आल्यावर आईने बजावलेलं ‘आता सांभाळून’. फार्मसी शिकलेली मुलगी, औषधांची नावं तोंडपाठ, पण स्वतःच्या योनीचं तोंड नेमकं कुठे आहे हे तिने वयाच्या ३१व्या वर्षी आरशात पहिल्यांदा पाहिलं. महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, त्यात वाचकांच्या कामजीवनाविषयीच्या शंकांना छापील उत्तरं दिली. ते सुरू होऊन जवळपास शंभर वर्षं झाली. शिकलेल्या घरातल्या मुलीला ही माहिती तरीही आतेबहिणीच्या भयकथेतून मिळावी, याचं मला फार वाईट वाटतं.

उपचाराचा मुख्य भाग घरी झाला. आधी श्वास : आडवं पडून पोटाने श्वास घ्यायचा आणि सोडताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सोडायचे. लघवी अडवताना जे स्नायू आवळतात तेच हे. आवळणं तिला येत होतं, सोडणं येत नव्हतं. एका महिला फिजिओथेरपिस्टने तीन-चार भेटींत ते शिकवलं.

मग स्वतःचं बोट. करंगळीचं टोक योनीमुखावर नुसतं टेकवून ठेवायचं आणि भीती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं. ओसरली की त्या दिवसाचं काम झालं. भीती शिखरावर असताना हात काढून घेतला तर शरीर शिकतं की पळालो म्हणून वाचलो. थांबून राहिलं की कळतं, काहीच झालं नाही. पुढे सिलिकॉनच्या डायलेटरचा संच मागवला. सर्वांत लहान करंगळीएवढा, मग क्रमाने जाड. पाण्यावर आधारित वंगण वापरायचं, कारण सिलिकॉनच्या वस्तूला सिलिकॉनचं वंगण खराब करतं. घरात खोबरेल तेल होतं, तिने तेच वापरू का विचारलं. नुसत्या बोटाला चालेल, पण तेलाने लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो, तेव्हा ती सवय नको असं सांगितलं.

पहिले दोन आकार महिन्याभरात जमले. तिसऱ्यावर गाडी अडली आणि नेमक्या त्याच वेळी गणपतीसाठी सासूबाई आल्या. हॉलमध्ये त्या, मध्ये एक दार, कपाटात साड्यांखाली लपवलेला डायलेटरचा डबा. पाच आठवडे काहीच झालं नाही. सासूबाई गेल्यावर तिने पुन्हा पहिल्या आकारापासून सुरुवात केली, ते मला फार शहाणपणाचं वाटलं. अडलेल्या ठिकाणी जोर लावायचा मोह मोठा असतो.

नेदरलँड्समध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पहिल्या प्रयत्नापासूनच व्हजायनिस्मस असलेल्या, म्हणजे कधीच संबंध न जमलेल्या ७० स्त्रिया होत्या. त्यांतल्या ३५ जणींना थेरपिस्टच्या मदतीने याच पद्धतीने, म्हणजे भीतीला थोडं-थोडं सामोरं जाऊन, उपचार दिले. त्यांतल्या ३१ जणींना संबंध शक्य झाला. उपचाराची वाट पाहणाऱ्या ३५ जणींमध्ये हा आकडा ४ होता. हे आकडे मी तिला दाखवले. मूळची प्रयोगशाळेतली मुलगी, आकड्यांनी तिला जो धीर आला तो माझ्या बोलण्याने आला नव्हता.

त्याची बाजू

चौथ्या महिन्यात त्याला मी एकट्याला बोलावलं.

तोवर सगळे त्याचं कौतुक करत होते. डॉक्टर म्हणायच्या, असा समजूतदार नवरा मिळायला भाग्य लागतं. तिची आई म्हणायची, दुसरा असता तर सोडून गेला असता. प्रत्येक कौतुकाने तिचं देणं वाढत होतं आणि त्याचं तोंड बंद होत होतं. समजूतदार नवऱ्याला राग येऊन कसं चालेल?

त्या दिवशी तो बराच वेळ कामाबद्दल बोलला. मग म्हणाला, दुसऱ्या वर्षात एका रात्री ती नको म्हणत असताना तो थांबला नाही. ती रडायला लागली तेव्हा थांबला. त्यानंतर तिने कधी त्याचा उल्लेख केला नाही, त्यानेही नाही. ‘मी समजूतदार नाहीये. मला माझीच भीती वाटते.’

भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३मध्ये अठरा वर्षांवरील पत्नीशी नवऱ्याने केलेला संबंध बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेला आहे. कायदा काहीही म्हणो, तिच्या शरीराने ती रात्र नोंदवून ठेवली होती, आणि ती बाजूला ठेवून पुढे जाणं शक्य नव्हतं. मी आधी तिला एकटीला भेटले. तिला आठवत होतंच. घरात भीती वाटते का, त्यानंतर पुन्हा कधी असं झालं का, हे मी नीट विचारलं. उत्तर नाही असं होतं, आणि ते घाईघाईने दिलेलं नव्हतं. त्या उत्तरात मला शंका आली असती तर जोडप्याचं समुपदेशन मी तिथेच थांबवलं असतं.

मग तिच्या संमतीने दोघं एकत्र बसले. त्याने माफी मागितली, कारणं न देता. ती म्हणाली, ‘त्या रात्रीनंतर मला वाटत होतं की दोष माझाच आहे, मी एवढं थांबायला लावलं.’ हे ऐकून तो रडला. माझ्या मते उपचाराची दिशा त्या तासाला बदलली. तोवर ती त्याच्यासाठी बरी होत होती. नंतर स्वतःसाठी बरी व्हायला लागली.

त्याची दुसरी अडचण पुढच्या भेटीत कळली. स्पर्शाच्या टप्प्यांत त्याची ताठरता टिकत नव्हती. सकाळी उठताना सगळं ठीक असायचं, साखर-रक्तदाब ठीक होते, म्हणजे हा बहुतेक चिंतेचा परिणाम. आधीचा प्रत्येक प्रयत्न किंकाळीत संपलेला, शरीर तेच शिकलं होतं. दुकानातून आणलेल्या गोळ्या बंद करायला लावल्या. डॉक्टरांनी तपासून काही आठवडे योग्य मात्रेत औषध दिलं. भिंतींवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती वाचत मोठा झालेला तरुण ‘मर्दानगी’च्या भीतीने किती पोखरलेला असतो, हे या कामात पदोपदी दिसतं. ‘पेशंट ती आहे’ ही समजूत मात्र त्या दिवशी गेली.

निकाल

सातव्या महिन्यात शेवटून दुसरा डायलेटर तिला विनासायास जमू लागला. पुढचा टप्पा तिने स्वतः ठरवला : डायलेटर त्याच्या हातात, त्याच्या मनगटावर तिचा हात. आठव्या महिन्याच्या अखेरीस एका रविवारी दुपारी, ती वर आणि वेग तिच्या हातात असताना, पहिल्यांदा प्रवेश झाला. थोडं टोचलं, मग टोचणं गेलं. त्याने मला फोन केला नाही, तिने केला. आवाज अगदी शांत होता.

त्याआधी तीन आठवडे तिने आणखी एक गोष्ट केली होती आणि माझ्या लेखी ती मोठी आहे. ती दुसऱ्या एका केंद्रात एकटी गेली, योनीमार्गातून सोनोग्राफी करून घ्यायची आहे म्हणाली, प्रोब स्वतः आत घेते असं सांगितलं आणि तपासणी पार पडली.

सगळं साजरं झालं असं नाही. काही स्थितींत अजून दुखतं. ताणाच्या आठवड्यात शरीर पुन्हा आवळतं, मग दोन दिवस डायलेटरकडे परत जावं लागतं. गेलेल्या तीन वर्षांबद्दलचा त्याचा राग आता बाहेर येतो आणि त्यावरून खटके उडतात. मला ते आधीच्या शांततेपेक्षा बरे वाटतात. वर्षभराने ठरल्याप्रमाणे वेगळं होण्याचा प्रश्न पुन्हा काढला तेव्हा तिने तो स्वतःच मिटवला.

मुलाबाबत त्यांनी घेतलेला निर्णय नातेवाइकांना कळला तर धक्का बसेल. त्यांनी सहा महिने कंडोम वापरायचं ठरवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना गर्भनिरोधनाची गरज पडली होती, आणि आताच्या दिवसांत दवाखान्याची घाई त्यांना नको होती.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली जागा उघड आहे. वंध्यत्वाच्या फॉर्मवर ‘आत प्रवेश होऊन संबंध होतात का, दुखतं का’ हा एक प्रश्न हवा होता, आणि तो जोडीदार बाहेर असताना विचारायला हवा होता. रक्त, वीर्य, हार्मोन यांवरचा खर्च आणि सोनोग्राफीच्या टेबलावरचा अपमान दोन्ही टळले असते. लग्नाला वर्ष झालं म्हणजे संबंध होतच असणार, हे डॉक्टरांनी गृहीत धरणं सोडलं पाहिजे.

दुसरी, त्याची वेगळी भेट. ती पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवी. प्रवेशावर बंदी घातली की पुरुषाच्या मनात काय चाललंय हे त्याच वेळी विचारायला हवं. शिवाय जबरदस्तीची विचारणा दोघांनाही स्वतंत्रपणे आणि सुरुवातीलाच व्हायला हवी, कारण तिचं उत्तर वेगळं असतं तर एकत्र समुपदेशन तिच्यासाठी धोक्याचं ठरलं असतं.

तिसरी गोष्ट जागेची. वन बीएचकेमध्ये, सासूबाईंच्या मुक्कामात, घरचा सराव होणार नाही हे कॅलेंडर पाहून आधीच ओळखता येतं. सणवार बघून टप्पे आखले असते तर ते पाच आठवडे तिला अपयशासारखे वाटले नसते.

एका मुद्द्यावर मात्र दोघांचं अजून एकमत नाही : सासूबाईंना सांगायचं का. तिला वाटतं, सांगावं, निदान इतकं तरी की अडचण होती आणि उपचार झाले. पुढे धाकट्या नणंदेवर हीच वेळ आली तर तिने ‘सोस’ हा सल्ला ऐकू नये. त्याला वाटतं, आई गावी चार जणींत बोलेल आणि ते फिरून हिच्याच अंगावर येईल. मी दोघांचंही ऐकून घेतलं. ही माहिती तिच्या शरीराची आहे, म्हणून शेवटचा शब्द तिचा, एवढं माझं मत मी दिलं. दिवाळीत सासूबाई येणार आहेत, तोवर ती ठरवेल.